पॉम्पे स्टीव्हन्स: न्यूपोर्टच्या दफनभूमीतला गुलाम पाथरवट आणि त्याची सही

पाटीवरची_रेघ

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट गावात फेअरवेल स्ट्रीटला लागून सतराव्या शतकापासूनची सार्वजनिक दफनभूमी आहे. तिच्या एका भागाला गॉड्स लिटल एकर म्हणतात. वसाहतकाळात न्यूपोर्टमध्ये जगलेले आफ्रिकन वंशाचे लोक, बहुतेक गुलाम आणि थोडे स्वतंत्र, तिथे पुरले आहेत. त्यांच्या नावानिशी कोरलेले इतके जुने आणि इतके दगड अमेरिकेत दुसरीकडे फारसे टिकलेले नाहीत.

त्यांतल्या एका दगडावरचा मजकूर मराठीत असा होईल: ‘हा दगड पॉम्पे स्टीव्हन्स याने कोरला, आपला भाऊ कफी गिब्ज याच्या स्मरणार्थ. तो २७ डिसेंबर १७६८ रोजी वारला. वय वर्षे ४०.’

वाक्य कुठून सुरू होतं ते बघा. त्या काळचे दगड ‘अमुकच्या स्मरणार्थ’ किंवा ‘इथे अमुक विसावला आहे’ असे सुरू होतात. इथे मृताच्या आधी दगड येतो आणि दगडाच्या पाठोपाठ कोरणारा. वसाहतकाळातले पाथरवट सही क्वचितच करत. केलीच तर खाली कोपऱ्यात, गवतात झाकली जाईल अशी आद्याक्षरं. पॉम्पेने आपलं नाव मजकुराच्या पहिल्याच वाक्यात घातलं. तो गुलाम होता, न्यूपोर्टच्या स्टीव्हन्स घराण्याच्या मालकीचा, आणि त्याच घराण्याच्या दगडकामाच्या दुकानात काम करायचा.

हे दुकान पहिल्या जॉन स्टीव्हन्सने १७०५ मध्ये सुरू केलं. त्याची जमाखर्चाची वही टिकली आहे. तिच्यावरून कळतं की तो मुळात गवंडी होता: धुराडी, चुली, पाये बांधायचा आणि सोबत थडग्यांचे दगडही करायचा. पुढे मुलगे आणि नातू त्याच धंद्यात राहिले.

पॉम्पेचा आणखी एक सहीचा दगड आहे, १७६५ चा, पॉम्पी लिंडन नावाच्या जेमतेम दोन वर्षांच्या मुलाचा. त्यावर ‘पी. एस. ने कोरला’ एवढंच आहे. म्हणजे १७६५ ला आद्याक्षरं, आणि तीन वर्षांनी भावाच्या दगडावर पूर्ण नाव.

दगड, कोरण्याची रीत, नावं, जतन, यातलं ज्याला जे नीट ठाऊक आहे त्याने लिहावं.

अश्मक

दगडापासून सुरुवात करतो, कारण ही अक्षरं आज वाचता येतात त्याचं निम्मं श्रेय दगडाचं आहे.

हा स्लेट, म्हणजे आपल्या जुन्या शाळेतल्या पाटीचा दगड. मूळचा चिखल, दाबाने आणि उष्णतेने रूपांतर झालेला. त्यातली अभ्रकाची सूक्ष्म पानं एका दिशेत बसलेली असतात, त्यामुळे त्या दिशेत तो वहीच्या पानांसारखा सुटतो. कॅल्साइट फार कमी, त्यामुळे आम्लयुक्त पावसाचा त्याच्यावर विशेष परिणाम होत नाही. पोत इतका बारीक की केसासारखी रेघही टिकते.

शेजारच्या एकोणिसाव्या शतकातल्या पांढऱ्या संगमरवराशी तुलना करा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. धुरातल्या गंधकाचं आम्ल त्याचं जिप्सम करतं, आणि ते पावसाबरोबर धुऊन जातं. दीडशे वर्षांचा संगमरवर साखरेसारखा खरखरीत होऊन अक्षरं विरतात, आणि अडीचशे वर्षांच्या स्लेटवर टाकीची खूण मोजता येते. कनेक्टिकट खोऱ्यातला तपकिरी वालुकाश्म या दोघांहून वाईट, त्याचे पोपडेच्या पोपडे गळतात.

पण स्लेटची ताकद आणि त्याचं मरण एकाच ठिकाणी आहे. पाटी उभी केली की तिची पानंही उभी राहतात, दर्शनी बाजूला समांतर. वरची कड म्हणजे वहीच्या पानांची उघडी कड. पावसाचं पाणी तिथून आत शिरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पानं फाकवतं. असे कित्येक हिवाळे गेले की एक दिवस कोरलेला अख्खा पापुद्रा सुटून खाली पडतो. अक्षर झिजून पुसट होणं हा प्रकार स्लेटमध्ये कमी. जातं ते एकदम, पूर्ण ओळींसकट.

बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारून बघतात. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब आवाज आला तर पापुद्रा सुटलेला आहे, त्या दगडाला हातही लावू नये.

टाकी_हातोडी

कोरण्याची रीत. दगडांवर राहिलेल्या खुणांवरून आणि आजच्या स्लेट कोरणाऱ्यांच्या कामावरून ती बरीच नेमकी सांगता येते.

खाणीतून पाचरी मारून पानाच्या दिशेत पाटी सोडवतात. जाडी साधारण दोन-तीन इंच. मग बाहेरचा आकार: मध्ये कमान आणि दोन्ही अंगांना छोटे खांदे, पलंगाच्या उशाकडच्या फळीसारखा. मागची बाजू बहुतेक वेळा ओबडधोबडच सोडलेली असते, तिच्यावर मेहनत घेण्याचं कारण नव्हतं. दर्शनी बाजू वाळू आणि पाणी टाकून घोटायची.

त्यानंतर टोकदार सळईने आखणी. अक्षरांच्या प्रत्येक ओळीला दोन रेघा, वर एक आणि खाली एक. काही दगडांवर मध्यभागी उभी रेघही. या रेघा कोणी पुसल्या नाहीत. तिरप्या उजेडात त्या अजून दिसतात.

अक्षर आधी रेखाटायचं आणि मग कापायचं. कापाचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा: एका बाजूने तिरपी टाकी, मग दुसऱ्या बाजूने, दोन्ही उतार तळाशी एका धारेवर मिळाले पाहिजेत. खोली रेघेच्या रुंदीच्या निम्म्यापासून जवळजवळ तेवढीच. धार सरळ असेल तर अक्षराला एका बाजूला स्वच्छ सावली पडते आणि ते लांबून वाचता येतं. धार वाकडी झाली की सावली तुटते, अक्षर पांगळं दिसतं.

बिघडतं कुठे? ओ, ए, आर यांच्या पोटात जो दगड बेटासारखा राहतो, तो स्लेटमध्ये पानाच्या दिशेत टपकन उडतो. म्हणून तिथे घाव हलके आणि छोटे घ्यावे लागतात. अक्षराच्या टोकाच्या तिरकस पायाशी टाकी बाहेरच्या दिशेने मारली की कपचा निघतो. कपचा निघाला की दगडाला रबर नाही. एकतर त्या पूर्ण ओळीपुरता पृष्ठभाग खाली उतरवून पुन्हा कोरायचं, आणि त्याचा उथळ खळगा हात फिरवला तर जाणवतो. नाहीतर तसंच पुढे जायचं. ओळीत जागा संपली तर शब्द तोडून खाली न्यायचा किंवा उरलेली अक्षरं बारीक करून वर चढवायची. डिसेंबर पूर्ण लिहिण्याऐवजी ‘डेक’ आणि वर छोटं ‘आर’ ही त्या काळची सर्रास पद्धत. ती चूक नव्हे, रूढ संक्षेप होता.

कमानीतलं चित्र वेगळ्या रीतीने होतं. तिथे भोवतालची जमीन थोडी खाली उतरवून आकृती वर ठेवतात. उठाव फार उथळ, बाकीचं काम रेघांवर.

समुद्रकाठ

उत्तम माहिती. कमानीतल्या चित्राबद्दल थोडी भर. सुरुवातीच्या न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे ऱ्होड आयलंड, बॉस्टन वगैरे अमेरिकेच्या ईशान्येकडचा भाग) कमानीत पंख असलेली कवटी असायची. अठराव्या शतकात हळूहळू तिला गाल आले, डोळे आले आणि ती पंख असलेल्या देवदूताच्या चेहऱ्यात बदलली. १८०० च्या आसपास चेहराही गेला आणि रक्षापात्र व झुकलेलं विलोचं झाड आलं. न्यूपोर्टमध्ये चेहरे बॉस्टनपेक्षा लवकर रुळले. बॉस्टनच्या प्युरिटन, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथाच्या, वळणाचा तिथे तेवढा दाब नव्हता. बाप्टिस्ट, क्वेकर, ज्यू सगळे त्या गावात होते.

तिथला दुसरा पाथरवट जॉन बुल. त्याचा लँग्ली भावंडांचा दगड त्याच दफनभूमीत आहे, सहा मुलांचे सहा चेहरे एका रांगेत. जाणाऱ्यांनी चुकवू नये.

आडनावशोध

नावांकडे बघा, त्यात पूर्ण व्यवस्था दिसते. दोघे भाऊ, पण एक स्टीव्हन्स आणि दुसरा गिब्ज. आडनाव मालकाचं. भाऊ दोन घरांत होते म्हणून आडनावं दोन. कागदपत्रांत अशा दोघांचं नातं शोधायला गेलं तर आडनावावरून काहीही हाती लागत नाही. ते नातं या एका दगडावर लिहिलेलं आहे म्हणून आपल्याला माहीत आहे.

कफी हे नाव आफ्रिकेतलं. आजच्या घानाकडच्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला कोफी म्हणतात, त्याचंच हे इंग्रजी कानाला ऐकू आलेलं रूप. पॉम्पे, सीझर ही रोमन नावं मात्र मालकांनी लादलेली.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी. गॉड्स लिटल एकरमधल्या कित्येक दगडांवर मृताच्या नावापुढे ‘अमुक साहेबांचा सेवक’ असं कोरलेलं आहे. ‘सेवक’ हा न्यू इंग्लंडमधला गुलामासाठीचा सभ्य शब्द. स्टीव्हन्स घराण्याचा गुलाम झिंगो स्टीव्हन्स, त्याची बायको फिलिस १७७३ मध्ये वारली. तिच्या दगडावर आधी ती जोसायस लिंडनची विश्वासू सेविका आणि मग झिंगोची बायको आहे. कफीच्या दगडावर सेवक हा शब्द नाही. मालकाचा उल्लेख नाही. तिथे कफी फक्त पॉम्पेचा भाऊ आहे.

रेघोटी

झिंगो आणि पॉम्पे एकच ना? बऱ्याच ठिकाणी ‘झिंगो, ऊर्फ पॉम्पे स्टीव्हन्स’ असं वाचायला मिळतं.

आडनावशोध

@रेघोटी, तसं बराच काळ मानलं जात होतं. आडनाव एक, काळ एक, गाव एक, त्यामुळे दोन्ही नावं एका माणसाला चिकटली. नंतर कागद पुन्हा तपासल्यावर हे दोघे वेगळे असल्याचं मत पुढे आलं आणि तेच सयुक्तिक आहे. एका घराण्याच्या गुलामांना एकच आडनाव मिळतं, मग आडनाव जुळलं म्हणजे माणूस एकच हे कसं धरायचं? दगडावर सही पॉम्पेची आहे, झिंगोची नाही. त्यामुळे झिंगोच्या आयुष्यातले प्रसंग पॉम्पेच्या नावावर लावू नयेत.

झिंगोची एक नोंद मात्र इथे द्यावीशी वाटते. १७६५ च्या सहीच्या दगडाखालचा मुलगा पॉम्पी, त्याचे वडील सीझर लिंडन. सीझर गव्हर्नर जोसायस लिंडन यांच्या मालकीचा गुलाम, त्यांचं लिखापढीचं काम बघायचा आणि स्वतःची हिशेबाची वही ठेवायचा. ती वही टिकली आहे. ऑगस्ट १७६६ मध्ये काही मित्रमंडळी शेजारच्या पोर्ट्समथ गावाला सहलीला गेली, त्याचा खर्च तिच्यात आहे: भाजायला डुक्कर, वाइन, पाव, रम, हिरवी कणसं, पंच या पेयासाठी लिंबं, साखर, लोणी, चहा, कॉफी. बरोबर असलेल्यांत झिंगो आणि फिलिस आहेत. सीझरच्या मुलाचा दगड कोरून वर्षही झालं नव्हतं. दगड कोरणारे, कोरून घेणारे आणि ज्यांच्यासाठी कोरले ते, सगळी एका छोट्या वर्तुळातली माणसं होती हे या वहीमुळे दिसतं.

रेघोटी

धन्यवाद, दुरुस्ती पटली. पुढचा प्रश्न. दोन दगडांवर सही आहे, तर अक्षरांच्या वळणावरून पॉम्पेचे बिनसहीचे दगड ओळखता येतील का?

टाकी_हातोडी

@रेघोटी, प्रयत्न करता येतो, पण पायरी पायरीने आणि हात राखून.

पाथरवट ओळखायचे मार्ग तीन. पहिला, सही. दुसरा, मृत्युपत्रानंतरच्या मालमत्तेचे हिशेब. ‘थडग्याच्या दगडांसाठी अमुकला इतके दिले’ अशी ओळ सापडली आणि तो दगड अजून उभा असला, तर नाव पक्कं. न्यू इंग्लंडच्या बहुतेक पाथरवटांची नावं अशीच लागली आहेत. गुलाम कारागिराच्या बाबतीत हा मार्ग बंद होतो, कारण पैसे दुकानाच्या मालकाच्या नावे लिहिले जातात. तिसरा मार्ग शैलीचा.

शैली बघताना मजकूर वाचू नये, अंक बघावेत. ४ आणि ७ सर्वांत जास्त बोलतात: ७ चा पाय सरळ की वळलेला, ४ ची आडवी रेघ उभीला छेदून किती पुढे जाते. मग ‘आणि’ची खूण, लहान जीची शेपटी, आरचा कान. चेहऱ्यात भुवई आणि नाक एकाच रेघेत आहेत का, डोळ्याला बाहुली आहे का, पंखाच्या पिसांच्या रांगा किती. किनारीच्या वेलीत पान कुठल्या बाजूला आधी फुटतं. एक खूण जुळली म्हणून नाव लावू नये. पाच-सहा एकाच दगडावर एकत्र जुळल्या पाहिजेत.

आता अडचणी. पहिली, दुकान म्हणजे एक हात नव्हे. कमान एकाने, अक्षरं दुसऱ्याने, घोटाई तिसऱ्याने असं काम चालतं. शिकाऊ माणूस मालकाचंच वळण गिरवतो, त्याला तेच शिकवलेलं असतं. दुसरी, दगडावरची तारीख मृत्यूची असते, कोरण्याची नव्हे. कधीकधी काही वर्षांनी पैसे जमल्यावर दगड करून घेत, एकाच घरातले तीन-चार एकदम. त्यामुळे १७५५ च्या दगडावर १७६५ चं वळण दिसू शकतं. तिसरी, आणि पॉम्पेसाठी हीच मुख्य: तुलनेला दोनच दगड. दोनांवरून हाताची सवय कोणती आणि योगायोग कोणता हे सांगता येत नाही.

म्हणून ‘स्टीव्हन्स दुकानाचं काम’ इथपर्यंत खात्रीने जाता येतं. त्या दुकानाच्या नावावर असलेल्या दगडांत पॉम्पेच्या हातचे किती, हे मोजता येत नाही. पण त्यांत त्याचा हात असावा. ज्याला सही करण्याइतकं काम येत होतं तो वर्षभर नुसता दगड घोटत बसला नसणार.

चुनखडी

तिथे जाणाऱ्यांसाठी एक युक्ती: पुसट अक्षरांवर खडू फिरवला की पांढरी अक्षरं झकास उठून दिसतात. काही जण दाढीचा फेसही लावतात.

अश्मक

@चुनखडी, हे कृपया कोणी करू नका. कळकळीने सांगतो.

खडूचे कण अक्षराच्या तळाशी आणि पापुद्र्यांच्या फटीत बसतात, पावसाने पूर्ण निघत नाहीत. घासताना घोटलेल्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि आखणीच्या ज्या रेघा वर सांगितल्या त्या पहिल्यांदा मरतात. फेसात स्टिअरिक आम्ल आणि सुगंधी द्रव्यं असतात. ती आत मुरतात आणि त्यावर बुरशी-शेवाळ वाढतं. कागद लावून ठसा घेणंही टाळा. सुटलेल्या पापुद्र्यावर हाताचा दाब पडला की तो तुटतो. अनेक दफनभूमींत याला बंदीच आहे.

धुवायचंच असेल तर आधी दफनभूमीच्या व्यवस्थापनाची परवानगी. मग टिचकी मारून दगड भरीव आहे याची खात्री. भरपूर साधं पाणी, मऊ नायलॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश. दगड आधी पूर्ण भिजवायचा आणि खालून वर घासत जायचं. वरून सुरू केलं तर मळाचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात उतरून डाग पडतात. दगडफूल ओलं करून मऊ पडल्यावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने, तेही सहज सुटेल तेवढंच. तारेचा ब्रश, ब्लीच, दाबाच्या पाण्याची नळी, यांतलं काहीही नाही. ब्लीचमधले क्षार आत स्फटिक होऊन दगड फोडतात. रात्री गोठणार असेल त्या दिवशी पाणी लावायचं नाही.

समुद्रकाठ

कललेले आणि मोडलेले दगड बघून लोकांना वाटतं, सिमेंटमध्ये बसवून टाकावेत. तेही नको. मूळ पद्धतीत दगडाचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत असतो आणि माती सैल असल्यामुळे हिवाळ्यात जमीन फुगली तर दगड थोडा हलून पुन्हा बसतो. सिमेंटमध्ये पकडला की हलता येत नाही, आणि मग जमिनीलगतच्या रेषेवर मोडतो. लोखंडी खिळा घालून जोडलेले तुकडेही काही वर्षांत पुन्हा फुटतात, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो.

योग्य रीत म्हणजे खड्ड्याच्या तळाशी खडी, दगड ओळंब्यात धरून भोवती खडी-वाळू थराथराने ठोकत भरणं. मोडलेल्या स्लेटला चिकटवण्याचं काम जाणकार संवर्धकाकडेच द्यावं. गवत कापायच्या दोरीच्या यंत्राने पायथ्याशी पडणारे घाव हा आजचा मोठा त्रास आहे, आणि बिचारी खाली कोपऱ्यातली सही नेमकी तिथेच असते.

रेघोटी

वयाबद्दल एक शंका. काही दगडांवर ‘वयाच्या ४० व्या वर्षात’ असं आहे, कफीच्या दगडावर ‘वय ४० वर्षे’. फरक आहे का?

आडनावशोध

आहे. ‘४० व्या वर्षात’ म्हणजे ३९ पूर्ण. ‘वय ४०’ म्हणजे ४० पूर्ण धरायचे, पण गुलामांच्या जन्माची नोंद बहुधा नसे, तेव्हा ते अदमासाने. फिलिसच्या दगडावर तर वयाआधी ‘सुमारे’ असंच कोरलं आहे. १७५२ च्या आधीचे दगड वाचताना आणखी एक सांभाळा: तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना १७२०/२१ असं दुहेरी साल दिसतं.

समुद्रकाठ

दुकानाबद्दल राहिलंच. ते न्यूपोर्टच्या थेम्स स्ट्रीटवर आजही चालू आहे. १९२७ मध्ये जॉन हॉवर्ड बेन्सन यांनी ते घेतलं, आता तिसरी पिढी आहे. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीतल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या स्मारकावरची अक्षरं जॉन एव्हरेट बेन्सन यांची. तिसऱ्या पिढीतल्या निक बेन्सन यांना २०१० मध्ये मॅकआर्थर ही अमेरिकेतली मानाची पाठ्यवृत्ती मिळाली. अक्षर आधी ब्रशने रंगवून मग व्ही-छेदात कापायची त्यांची रीत अजून हातानेच चालते.

रेघोटी

शेवटचं. खडू नाही, फेस नाही, तर फोटो कसा घ्यायचा?

टाकी_हातोडी

उजेड दगडाच्या अंगाला घासून गेला पाहिजे, समोरून नको. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या दगडांना ही वेळ खऱ्या मध्यान्हाच्या आसपास येते: पूर्वाभिमुख दगड मध्यान्हाच्या थोडं आधी, पश्चिमाभिमुख थोडं नंतर. न्यूपोर्टला उन्हाळ्यात खरा मध्यान्ह घड्याळात पाऊणच्या सुमारास होतो, तेव्हा बारा ते दीडच्या मध्ये तिथे असावं. उत्तरेकडे तोंड असलेले दगड सावलीतच राहतात. त्यांच्यासाठी दाराला लावतात तसा साडेतीन-चार फुटी आरसा न्यावा. सोबतीने उन्हात उभं राहून कडेकडून कवडसा टाकायचा, दगडाच्या पृष्ठाशी दहा-पंधरा अंशांचा कोन ठेवून. आरसा दगडाला टेकवू नये. कवडसा आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून, असे तीन फोटो घ्या. आडव्या उजेडात अक्षरांचे उभे दांडे उठतात आणि आडव्या रेघा बुडतात, वरून घेतला की उलट. आखणीच्या रेघा आडव्या असल्यामुळे त्या तिसऱ्या फोटोतच सापडतील.